मंगलची राणी

अळ्या मेल्याचं कळलं त्या सकाळी दरीतल्या सगळ्यांच्या फोनवर एकच निरोप आला : ढेबेंच्या मधपेटीत विषाणू आहे. पेटीतल्या वास ओळखणाऱ्या यंत्रानं तो परस्पर पाठवला होता. यशवंत ढेबेनं काडीनं एक अळी उचलली. ती पाण्याच्या पिशवीसारखी लोंबली.

शेजारची शैला लगेच डबीतून प्रयोगशाळेतली राणीमाशी घेऊन आली. असल्या राणीच्या पिल्लांना हा रोग होत नसे. दरीतल्या बाकी सगळ्या पेट्यांत आता तसलीच राणी होती.

"भाऊजी, जुनी मारा, ही सोडा. तुमच्या पेटीत विषाणूनं रूप बदललं, तर आमच्याही माश्या जातील."

"मंगलनं वाढवलीय ती. जायच्या आधी," यशवंत वारलेल्या बायकोचं नाव घेत म्हणाला.

"मंगलताई असत्या तर एव्हाना चिरडलीही असती. तुमच्यासारखा घोळ घातला नसता."

ते खरं होतं, म्हणून त्याला हसू आलं. त्यानं उघड्या हातानं जुनी राणी शोधून चिमटीत धरली. मंगलच्या माश्या त्याला कधी डसत नसत. आताही एकही डसली नाही.

"दाबा की," शैला म्हणाली.

त्यानं राणी परत पोळ्यावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. ऊन कललं तरी नवी राणी डबीतच होती आणि जुनी मारायची राहिली होती.