हँडलच्या काचा

लेकीने हौसेने घेऊन दिलेली नवी गाडी लिओनला काही मानवली नाही. आत बसलं की दारं आपोआप लॉक व्हायची, काचा आपोआप चढायच्या, आणि म्हाताऱ्याचा जीव गुदमरायचा. "ही गाडी न्हय गो रिशेल, पिंजरो आसा ह्यो," तो लेकीला सांगायचा.

म्हणून विजयदुर्गला जायला त्याने तरुणपणी घेतलेली आपली पहिली गाडीच बाहेर काढली. हिच्या काचा हँडल फिरवून उतरवायच्या, दारांच्या लॉकच्या खुंट्या बोटाने दाबायच्या. "हात लावल्याशिवाय हिच्यात कायच हलणा नाय," असं म्हणत त्याने चारही काचा खाली केल्या आणि एकटाच निघाला.

तळेरे मागे पडलं, कातळाचा उघडाबोडका सडा लागला. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चहूबाजूंनी वारा भणाणत आत येत होता. मग तो कमी झाला.

लिओनने डावीकडे पाहिलं. रिकाम्या सीटजवळचं हँडल फिरत होतं. दुखऱ्या मनगटाने फिरवावं तसं, सावकाश, मध्येच थांबून. काच वरच्या रबरात रुतली. मग त्या दाराची खुंटी खाली बसली.

त्याने गाडी कडेला उभी केली. मागची एक काच चढली, मग दुसरी. खुंट्या बसल्या. आत इतकं शांत झालं की त्याला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला.

उरली फक्त त्याच्या बाजूची काच. तिचं हँडल अडवायला त्याने घाईने हात खाली नेला.

तिथे आधीच एक हात होता.