पान सातची साडी

साडीवाल्या शेठचा फोन ठेवल्यावर वाल्मिकभाऊंनी चष्मा कपाळावर चढवला. हा चष्मा वर गेला की प्रेसमध्ये कोणाचं तरी काही खरं नसायचं.

“दीप्ती, तुझ्या कॅटलॉगचं पान सात काढ बरं.”

तिने पान काढून दिलं. भाऊंनी कपाटातून नमुन्याची साडी आणली आणि शेजारी धरली. साडी निळीशार होती. पानावर तीच साडी झकास जांभळी छापलेली होती.

दीप्तीने पान ओढून जवळ घेतलं. “शेठ काय म्हणाले?”

“म्हणे, त्या सात नंबरच्या साडीपायी फोन खाली ठेवता येत नाही. जळगावपासून नागपूरपर्यंतचे दुकानदार मागे लागलेत. दुसरी छपाई करायची म्हणतात. स्वतः निघालेत. आणि फाइल जिनं केली तिला कुठं जाऊ देऊ नका म्हणे.”

पर्वत पाटिया भागातल्या या प्रेसमध्ये दीप्तीचा हा पहिलाच कॅटलॉग. शिकवलेलं सगळं तिने मन लावून केलं होतं. कडेला कटिंगची जागा सोडली होती, मशीनवर फॉन्ट बदलू नये म्हणून अक्षरांचे आकार करून ठेवले होते, छापताना फुटणारे फोटो परत पाठवून मोठे मागवले होते. एकच फोटो तेवढा कॉम्प्युटरच्या पडद्याच्या रंगांत राहून गेला. पडद्यावरचा असा निळा शाईत उतरताना जांभळा होतो, हे भाऊंनी तिला कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. छापण्याआधी साडी शेजारी धरून बघायची, हेही सांगितलं होतं. दीप्तीबाईंनी घाईत नेमकं तेच टाळलं.

नोकरी अजून कच्चीच होती. शेठसारखं गिऱ्हाईक तिच्यामुळे तुटलं, तर कोण ठेवून घेणार? मग भेस्तानच्या घरी आईशेजारी बसायचं आणि साड्यांना खडे चिकटवायचे. ते काम तिला झोपेतही आलं असतं, पण मशीनमधून ताजं रंगीत पान बाहेर येताना जो आनंद व्हायचा तो तिला खड्यांत कधी मिळाला नव्हता. तिला रडूच आलं.

“रडायला नंतर वेळ काढ,” भाऊ म्हणाले. “शेठ येईस्तोवर दुरुस्त कर. माणूस ओरडत आला की बरोबर केलेली वस्तू त्याच्या हातात ठेवायची. अर्धा आवाज तिथंच बसतो.”

दीप्ती कामाला लागली. फोटो छपाईच्या रंगांत आणला, निळ्याला जांभळ्याकडे ओढणारी गुलाबी शाई जपून कमी केली. पान काढायचं, खिडकीच्या उजेडात साडीशेजारी धरायचं, नाक मुरडायचं आणि परत बसायचं. शेवटी पान आणि साडी अशी जुळली की भाऊंनी चष्मा नाकावर घेतला. ही त्यांची शाबासकी होती.

तेवढ्यात शेठ आलेच, घाम पुसत. बरोबर त्यांच्या साड्यांच्या मिलमधला रंगारी उखा होता. त्याने दोन्ही हात गमछ्यात गुंडाळून घेतले होते आणि चहा समोर आला तरी बाहेर काढले नाहीत. साक्षीला माणूसही आणला, असं दीप्तीला वाटलं.

शेठचं अर्धं आयुष्य खानदेशी कामगारांत गेलेलं. मराठी अस्सल बोलायचे, फक्त गुजराती सुरात.

“फाइल बनवली कोणी?”

“मी, शेठ.” त्यांनी पुढे काही बोलायच्या आत तिने नवं पान त्यांच्या हातात ठेवलं. “चूक माझीच होती. पण आता बघा, अगदी बरोबर केलंय.”

शेठचा चेहरा पडला. अर्धा काय, सगळाच आवाज बसला. त्यांनी पान उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

“अरे रे, बेन! हे कोणी बिघडवलं?”

“बिघडवलं नाही, शेठ, सुधारलं,” दीप्तीने साडी पुढे केली. “तुमची साडी निळीच आहे ना?”

शेठनी उखाकडे पाहिलं. उखाने गमछा सोडला आणि दोन्ही हात टेबलावर पसरले. कोपरापर्यंत जांभळे.

“परवापर्यंत होती, ताई.”