कानापुढची धमनी

“मी झोपलो की तुम्ही काय करता?” टेबलावर आडव्या झालेल्या ड्रायव्हरकाकांनी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. ऑपरेशन हर्नियाचं, म्हणजे तसं काही फार नाही. पण काकांचे डोळे टक्क उघडे.

“इथेच बसते, तुमच्या उशाशी.”

“सगळे असंच म्हणतात. बाई, उभा जन्म रात्रीची बस चालवली. गाडीभर लोक माझ्या भरवशावर खुशाल घोरायचे. मी कधी कुणाच्या भरवशावर डोळा मिटला नाही. आता पोरगा गाडी चालवतो, तरी शेजारी मी आपला जागाच. मला नाही हो जमायचं.”

घाबरू नका, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण या माणसाला ते सांगून काय उपयोग! त्यांनी काकांचंच बोट धरून त्यांच्या कानापुढे टेकवलं. “लागतंय काही?”

“टुकटुकतंय.”

“ही एक बारीक धमनी. गालाच्या हाडावरून वर चढते. कानशिलापाशी दोन फाटे फुटतात, एक कपाळाकडे, एक डोक्यावर. आता हे लोक तुम्हाला गळ्यापर्यंत झाकून टाकतील. माझ्या वाट्याला येणार एवढं डोकं. तेव्हा माझं बोट इथे, शेवटपर्यंत.” मग जरा हसून म्हणाल्या, “ऑपरेशनच्या शेवटपर्यंत हो.”

“काका, भिंतभर यंत्रं आहेत आमच्याकडे,” हात धुऊन आलेला सर्जन म्हणाला. “पण बाईंचा सगळा भार त्या एका बोटावर.”

औषध शिरेत गेलं, तरी काकांच्या पापण्या मिटताना जरा भांडल्याच.

ऑपरेशन निम्म्यावर आलं आणि यंत्र ठणाणा ओरडायला लागलं. पडद्यावरची नाडीची रेघ सपाट. सर्जनचा हात जागच्या जागी थांबला. बाईंनी मात्र पडद्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून घेतले. बोटाखाली धमनी टुकटुकत होती, अगदी मजेत.

“चालू द्या,” त्या म्हणाल्या. “काकांच्या हातावर कुणीतरी रेललंय. नाडी मोजणारा बोटाचा चिमटा निसटला असेल.”

नर्सनं चादरीखाली हात घालून पाहिलं. चिमटा खरंच निसटला होता. तो पुन्हा लावला, तशी रेघ गुमान वरखाली करायला लागली. सर्जननं मान हलवली आणि खाली वाकून पुढचा टाका घातला.

सगळं आटोपलं. चादरी निघाल्या, दिवे मंदावले. घशातली श्वासाची नळी काढून बाई काकांच्या कानाशी वाकल्या. “काका, उठा. झालं सगळं. डोळे उघडा बघू.”

काकांनी एकच डोळा उघडला. बाईंना नीट न्याहाळलं.

“तुम्ही आहात ना अजून इथे?”

“आहे की.”

“मग झोपतो जरा,” काका म्हणाले, आणि कूस बदलून चक्क घोरायला लागले.