दोन बोटं उरलेली व्हिस्की

"चार शेंगदाणे आणि बोटभर मुळा, त्याचे पाचशे येन. मागतं कुणी?" जिना चढताना कुरामोचीसाहेब पुटपुटले. अगदी हळू, कारण वरच्या बारचं दार उघडं होतं.

मागून येणाऱ्या हिराबायाशीने हे पाचशे आजच्या हिशेबात धरलेलेच होते. बैठकीचे माणशी तीन हजार. पाण्याबर्फाचे पाचशे. न मागितलेल्या शेंगदाण्यांचे पाचशे. माइकवर गाणं म्हणायचे शून्य, कारण घसा बसलाय असं सांगायला ओनोदेराला दुपारीच बजावलं होतं. शिवाय मालकीणबाई लाजत विचारणार, मीही एक घेऊ का, आणि तिघं एका सुरात म्हणणार, अहो, घ्या की. त्या एका पेल्याचे हजार. हिराबायाशीची बायको त्याच्याच पगारातले तीस हजार दरमहा त्याच्या हातावर ठेवते, आणि ठेवताना चेहरा असा करते की जणू माहेरून आणलेत. या एका बुधवारच्या पायी तो आठवडाभर दुपारी भाताचा एक गोळा खातो आणि वर ऑफिसातलं फुकटचं पाणी पितो. मौज करायची म्हणजे एवढं सोसावं लागतंच.

नळाचे पाईप विकणाऱ्या कंपनीच्या हाचिनोहे शाखेतले हे तिघं. निवृत्तीला टेकलेले साहेब, हिशेब सांभाळणारा हिराबायाशी, आणि पंचेचाळिशी गाठूनही अजून 'लहान' असलेला ओनोदेरा. अकरा वर्षं महिन्याच्या पहिल्या बुधवारी ते चिएकोबाईंच्या या बारमध्ये येतात. आठ खुर्च्या, त्यातल्या पाच रिकाम्या. आणि गेली तीन वर्षं तिघांपैकी एकालाही इथे यायचं नाही. हे कुणी बोललं नव्हतं, पण मंगळवारपासून ऑफिसात जे उसासे सुरू होत ते पुरेसे होते. बोलणार कसं? बाई सत्तरीच्या, नवरा गेलेला. आपण गेलो नाही तर त्यांची चूल पेटायची नाही, याबद्दल तिघांची खात्री होती. पुरुषांची अशी खात्री फार लवकर पटते.

न बोलता सुटायची एक रीत मात्र होती. गिऱ्हाईक आपली बाटली विकत घेतं, तिच्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून बारच्या फळीवर ठेवतं, आणि येईल तेव्हा त्यातलीच पितं. संपली की नवी घ्यायची. नाही घेतली तर तो निरोप समजायचा. कुणी काही म्हणायचं नाही, कुणाचं मन दुखवायचं नाही. मागच्या महिन्यातल्या बुधवारी साहेबांच्या बाटलीत जेमतेम दोन बोटं व्हिस्की उरली होती. तेव्हा आज ती संपवायची, नव्या बाटलीचं नाव काढायचं नाही, नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून नमस्कार करायचा आणि जिना उतरायचा. अर्ध्या तासाचं काम.

चिएकोबाईंनी फळीवरून बाटली काढून समोर ठेवली. ती खांद्यापर्यंत भरलेली होती.

हे वर्षभरात तिसऱ्यांदा. पहिल्यांदा साहेब म्हणाले होते, आपण हल्ली कमी पितो. दुसऱ्यांदा म्हणाले, चांगला माल पुरतो. हिराबायाशी हिशेबाचा माणूस, बाटलीतला माल आपोआप वाढत नाही एवढं त्याला कळत होतं. म्हणून मागच्या खेपेला त्याने लेबलावर पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवली होती. आज व्हिस्की त्या रेघेच्या चार बोटं वर होती.

तरी त्यांनी हिंमत सोडली नाही. तिघं कर्तव्य म्हणून प्यायले. तिसऱ्या पेल्यानंतर ओनोदेराचा बसलेला घसा अचानक उठला आणि त्याने दोन गाणी म्हटली, प्रत्येकी दोनशे येन. बाटली अर्ध्यावर आली आणि तिथेच अडली.

बाई बर्फ आणायला आत वळल्या तेव्हा साहेब हिराबायाशीच्या कानाशी वाकले. त्यांचे डोळे भरून आले होते, काही दुःखाने, काही व्हिस्कीने. बिचारी, ते म्हणाले. आपल्याला धरून ठेवायला पदरचं ओततेय. हिला सोडून जायचं म्हणजे पाप आहे. हिराबायाशी काही बोलायच्या आत त्यांनी पाकीट काढलं, बाई परतल्या तशी त्यातली एक दहा हजारांची नोट काउंटरवर ठेवली, आणि बाटलीच्या चौदा हजारांतल्या उरलेल्या चार हजारांसाठी नेहमीसारखं हिराबायाशीकडे पाहिलं. बाई, एक नवी बाटली काढा, ते म्हणाले.

नवी बाटली, आणि वर बाईंचं ओतणं, म्हणजे आणखी एक वर्ष. बारा बुधवार. हिराबायाशीला ते सगळे भाताचे गोळे एका रांगेत दिसले.

"नको," तो म्हणाला. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्याला माहीत नव्हतं. "बाई, माफ करा. आम्हांला इथे यावंसं वाटत नाही. तीन वर्षं झाली."

ओनोदेराने आपल्या पेल्यात डोकं घातलं. साहेब नोटेकडे बघत राहिले.

चिएकोबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. काउंटरला वळसा घालून त्या बाहेर आल्या आणि रिकाम्या पाचांतल्या एका खुर्चीवर बसल्या. अकरा वर्षांत त्यांना या बाजूला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी एक चप्पल काढली, मग दुसरी. सुजलेले घोटे दोन्ही हातांनी दाबले.

"सेंदाईला लेक माझ्यासाठी खोली रिकामी ठेवून बसलीय, तिलाही तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "तुम्हांला नवी बाटली परवडत नाही, ते दिसत होतं मला. म्हणून भरत होते. म्हटलं, मी दुकान बंद केलं तर या तिघा बिचाऱ्यांनी जायचं कुठं?"