झोळी टेकवायची नाही

"काका, थांबा. झोळी खाली ठेवा."

बुध्या थांबला नाही. पुढचा खांदा त्याचा, मागचा त्याच्या पुतणीचा, सतरा वर्षांच्या हर्षदाचा. मधे बांबूला बांधलेल्या घोंगडीत चंदा, हर्षदाची भावजय, दिवस भरलेली. सकाळपासून कळा चालू. वाडीतले जवान गडी भिवंडीला वीटभट्टीवर गेलेले, म्हणून पोरीच्या खांद्यावर बांबू आला. नाहीतर कोण देतंय?

जीप खाली डांबरी रस्त्यावर उभी होती. अजून अर्धा डोंगर उतरायचा होता.

"काका, वयनीची पाणमोट फुटली. पोर इथंच येणार!"

"मागच्यानं चालायचं. बोलायचं नाय," बुध्या म्हणाला. "वाटेत टेकवतात ती तिरडी. झोळी टेकवत नाहीत."

वाडीचा रिवाजच तो. तीस वर्षं बुध्यानं आजारी माणसं वाहिली, एकदाही वाटेत टेकवलं नाही. खांदा बदलायचा तोही चालता चालता.

चंदा ओरडायची थांबली. ते जास्त वाईट. घोंगडीतून लाल थेंब धुळीत पडायला लागले. बुध्या पुढं निघून जायचा, हर्षदाचा पाय नेमका त्या थेंबांवर पडायचा.

सकू बाजूनं धावत होती. चंदाची सासू, हर्षदाची आई. उभ्या वाडीला धाकात ठेवणारी बाई, पण आज तिला ठरवता येईना. दिराचं ऐकावं तर सून हातची जाते. पोरीचं ऐकावं आणि वाईट झालं, तर वाडी पोरीला जन्मभर बोलून जाळणार.

"आये, तू तरी सांग यांना!"

सकूनं एकदा सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. मग दगडावरून घसरत पुढं गेली आणि दिराच्या आडवी उभी राहिली. पायवाट एवढीशी.

"भावजी, तुमचं तोंड रस्त्याकडं. पोरीचं तोंड चंदाकडं. तिला विचारा."

"मी? पोरीला विचारू?"

"नाहीतर मला तुडवून जा."

बुध्या थांबला. मान वळवावी तर बांबू मध्ये येत होता. तो रस्त्याकडंच बघत म्हणाला, "काय दिसतं गं?"

"डोळे फिरवले तिनं. श्वास तुटतोय, काका."

खाली जीपवाला भोंगा वाजवत होता. बुध्यानं जीपकडं पाहिलं, मग पायाखालच्या दगडांकडं.

"मी एकटा बसलो तर ती घसरंल."

"मी एकटी बसले तरी घसरंल. दोघं बसू. मी तीन म्हणाले की."

बुध्यानं बांबू दोन्ही हातांनी धरला आणि पाय फाकवून रोवले.

"एक," हर्षदा म्हणाली. "दोन."

पुढं बुध्या उभा होता, मान खाली, कान मागं, पोरीच्या तोंडून तीन निघायची वाट बघत.