कॅसेटमधला कचरा

“प्रोग्राम मूठभर आणि फाइल पोतंभर! कोंडाही भरून ठेवायचाय का?” बाबा माझ्या कानाशी पुटपुटले.

त्यांच्या जुन्या होम कॉम्प्युटरचे प्रोग्राम गाण्यांच्या साध्या कॅसेटवर, आवाजाच्या रूपात साठवलेले होते. ते नव्या कॉम्प्युटरवर उतरवून जपून ठेवायला आम्ही सॉफ्टवेअर निवडत होतो. एक सॉफ्टवेअर नुसता प्रोग्राम उचलायचं आणि बाकीचं कचरा म्हणून गाळायचं. दुसरं अख्खी कॅसेट होती तशी ठेवायचं. बाबांना अर्थातच पहिलं पसंत होतं.

“पण कचरा म्हणून ते गाळतंय तरी काय?” मला राहवेना. दुसऱ्यातली फाइल उघडून मी स्पीकर लावला. आधी नुसती खरखर. मग दादाचा आठवीत असतानाचा आवाज ऐटीत बोलला, “सापाचा गेम. प्रोग्रामर पराग. बाबा, हात लावू नका हं, रेकॉर्डिंग चालूय!” त्यामागून प्रोग्रामची कर्कश किरकिर सुरू झाली.

बँकेतली नोकरी सोडून दादाने नाशिकला सायकलींचं दुकान टाकलं, तेव्हापासून बाबांनी त्याच्याशी अबोला धरला होता. घरात त्याचं नावही कोणी काढत नसे.

बाबांनी खुर्ची स्पीकरजवळ ओढली. “दुसरंच घेऊ,” ते म्हणाले. “आणि ते जरा परत लाव.”

मी लावलं. पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

शेवटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन आई म्हणाली, “अहो, पोरगा चांगला धडधाकट आहे. कॅसेट कसली ऐकत बसलायत? फोन लावा त्याला!”