पुराची सुट्टी

“घंटा वाजवू नका, मास्तर. सुट्टी द्या.”

आमणीची शाळा भरायची त्या धर्मशाळेच्या पायरीवर उभा राहून बाळगोंडा पाटील धोतराचा सोगा पिळत होता. त्याच्या मागे धामणवड्याची चौदा मुले भिजल्या कोकरांसारखी एकमेकांना बिलगली होती. त्यांना कृष्णेपलीकडून घेऊन आलेला नावाडी हरिबा खांबाला टेकून खोकत होता.

चिंतामण आठल्यांनी घड्याळाकडे पाहिले. पुराच्या दिवसांत आमणीची शाळा तासभर उशिराने, साडेअकराला भरे. घाटावरच्या मारुतीच्या पायाला पाणी लागले, की मुख्याध्यापकाच्या सहीने सुट्टी होई. शाळा चालवणाऱ्या बोर्डाचा नियम तसा होता.

“पाणी मारुतीपर्यंत आलंय?”

“चार बोटं ऱ्हायलंय.”

“मग चार बोटं चढू द्या. सुट्टी काय तुमच्या शेतातलं पाणी आहे, हवं तेव्हा पाट फोडायला?”

आमणीची मुले फिदीफिदी हसली. पाटील हसला नाही. त्याने आत पाहिले. शाळेतल्या एकुलत्या एका खुर्चीवर साताऱ्याहून आलेले शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब बसले होते. गळत्या छपराचे थेंब चुकवीत त्यांनी दोनदा खुर्ची सरकवली होती.

पाटलाच्या अर्जावरूनच ते आले होते. धामणवड्याला त्याने तीन खोल्यांची दगडी इमारत बांधली होती, वर मंगलोरी कौले घातली होती आणि बोर्डाकडे अर्ज केला होता. नदीचे निमित्त करून पाटलाला स्वतःच्या गावाला वेगळी शाळा हवी आहे, हे आमणीतले शेंबडे पोरही सांगत होते. ती चौदा मुले गेली, की आमणीचे वरचे वर्ग मोडणार होते. अठरा वर्षांत एकेक पोर जमवून चिंतामणरावांनी उभ्या केलेल्या शाळेचा दोन वर्गांचा कोंडवाडा होणार होता. अर्ज त्यांनी वाचला नव्हता. वैऱ्याचे मन ठाऊक असताना त्याचे अक्षर कशाला वाचायचे?

“सायेब, तुमीच बगा,” पाटील आत येऊन म्हणाला. “नदी कशी फुगलीया. आन् मास्तर ऐकत न्हाईत. गुदस्ता मारुती कमरंपतुर बुडला हुता, तवाबी ह्यांनी घंटा वाजिवली.”

डेप्युटींनी भुवया उंचावल्या. “खरं आहे हे?”

“खरं आहे,” चिंतामणराव शांतपणे म्हणाले. “आणि त्या दिवशी धामणवड्याचं एकही मूल गैरहजर नव्हतं. हजेरी पाहा.”

“आलीती पोरं,” पाटील धुसफुसला. “हरिबानं आनली म्हनून. जीव मुठीत धरून.”

“गुदस्ताच्या पावसाळ्यात पुराच्या सुट्ट्या किती दिल्या?” डेप्युटींनी विचारले.

“एकही नाही.”

बाहेर नदीचा आवाज वाढत होता. एखादे अजस्र जनावर उसाच्या फडातून वाट काढीत यावे तसा तो आवाज; दिसत काही नव्हते, पण दिशा कळत होती. मुलांच्या रांगेत एक मुलगी कुडकुडत होती. पाटलाची नात शालन.

“ही पोर बगा, मास्तर. जरा तरी दया येऊ द्या.”

“दया?” चिंतामणरावांचा आवाज धारदार झाला. “तुम्हीच तिला या पुरातून बसवून आणलीत ना? स्वतःची नात नावेत घालताना भीती वाटली नाही, ती साहेबांसमोर बरी वाटली!”

पाटलाच्या जबड्याची शीर उडाली. “तोंडानं मानूस काय बी बोलतो. लिवून द्या की! नदी आडवी येत न्हाई म्हनून. सहीनिशी. हाय तेवडी छाती?”

चिंतामणरावांनी टाक दौतीत बुडवला. तिसरीच्या रांगेतून त्यांची आठ वर्षांची धाकटी मुलगी उमा मान उंच करून बापाकडे पाहत होती. त्यांनी वळणदार अक्षरांत लिहिले: ‘आमणी व धामणवडे यांमधील नदी वर्षाचे बाराही महिने नावेने सुरक्षितपणे ओलांडता येते. पूर हा शाळेच्या उपस्थितीस अडथळा होत नाही, असा माझा अठरा वर्षांचा अनुभव आहे.’ खाली सही केली, तारीख घातली. कागद पाटलाच्या नाकासमोरून नेऊन डेप्युटींच्या हाती दिला.

पाटलाने मान खाली घातली.

चिंतामणरावांनी स्वतः उठून घंटा वाजवली. एकेक टोल पाण्यावरून पलीकडे गेला. मुले ओल्या फरशीवर आपापल्या जागी बसली. इतके हलके चिंतामणरावांना कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

डेप्युटींनी कागद दोनदा वाचला, टिपकागदाने टिपला आणि चामडी पिशवीत ठेवला.

“मास्तर, तुम्ही माझं काम सोपं केलंत. पाटलांनी वेगळी शाळा मागितलेलीच नाही. दोन्ही गावांना मिळून एकच शाळा असावी, असा त्यांचा अर्ज आहे. नवी इमारत ते बोर्डाला बक्षीस देताहेत. या गळक्या धर्मशाळेपेक्षा ती केव्हाही बरी. बोर्डाची हरकत एकच होती, की तुमच्या गावची मुलं पुरात पलीकडे कशी जाणार. ती हरकत आता उरली नाही. उद्यापासून शाळा धामणवड्याला भरेल.”

चिंतामणरावांनी पाटलाकडे पाहिले. तो हरिबाशी बोलत होता.

“आमनीची पोरं किती हैत, बगून ठेव गड्या. येका खेपंत बसतील का? ती मास्तरांची धाकली बी धर.”

“साहेब!” चिंतामणराव ओरडले. “पण नदीला पूर आहे!”